शेजारधर्म : आचार्य धर्मानंद कोसंबी ह्यांचें चरित्र

सेवाग्रामचा आश्रम आपल्या वर्धा जिल्ह्यांतील बहुतेक विद्यार्थ्यांनीं पाहिलेला असतो. बापूकुटी, आदिनिवास, प्रार्थनाभूमि हीं स्थळें पाहून व तेथील शांततेची छाप मनावर घेऊन मुलें घरीं परततात. परंतु त्याच आश्रमांत ता. ४ जून १९४७ रोजीं एका वृद्ध पंडितानें आपला देह ठेविला, ही गोष्ट त्यांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असते. ह्या पंडिताचें नांव आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी. गोव्यांतील एका खेड्यांत जन्मलेला, शाळेचें शिक्षण जेमतेम मिळालेला हा मनुष्य पुढें पाली भाषेचा जगन्मान्य पंडित झाला. आपल्या शेजारच्या भाषा व शेजारचे धर्म ह्यांकडे श्रद्धेनें आणि चिकित्सेनें पाहावें कसें, हें ज्यांच्या आयुष्यावरून शिकतां येतें अशा मोजक्या महाराष्ट्रीयांत त्यांची गणना केली पाहिजे. म्हणून ह्या वर्षींच्या अंकांत त्यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

धर्मानंदांचा जन्म ता. ९ ऑक्टोबर १८७६ रोजीं गोव्यांतील सांखवाळ ह्या गांवीं झाला. त्या काळीं गोव्यांत पोर्तुगीजांचें राज्य होतें. घरांत बोलावयाची ती कोंकणी, लिहावयाची व वाचावयाची ती मराठी, आणि सरकारदरबारची ती पोर्तुगीज, अशी तेथील सारस्वत कुटुंबांची स्थिति असे. गांवांत वरच्या शिक्षणाची सोय नव्हती, व घरची स्थितीहि मुलास परगांवीं ठेवून शिकविण्यासारखी नव्हती. त्यामुळें नारळीच्या बागेची व्यवस्था पाहणें हेंच ह्या मुलाच्या वांट्यास आलें. १८९१ सालीं, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षीं, त्या काळच्या रीतीप्रमाणें त्यांचें लग्नहि झालें. प्रपंचांत मन रमेना आणि ज्ञानाची भूक भागेना, अशा अवस्थेंत त्यांचे तारुण्याचे दिवस चालले होते. हातीं येईल तें मराठी पुस्तक वाचणें एवढाच काय तो विसावा होता.

अशा वेळीं एक लहानशी गोष्ट घडली व तिनें त्यांच्या आयुष्याचा ओघ बदलला. त्या काळीं मुंबई इलाख्यांत अमेरिकन मराठी मिशनचें ‘बालबोधमेवा’ नांवाचें मुलांचें एक मासिक निघत असे. ख्रिस्ती मिशनऱ्यांनीं चालविलेल्या ह्या मासिकांत एकदां भगवान बुद्धाविषयीं एक लेख आला, आणि तो ह्या तरुणाच्या दृष्टीस पडला. लेख मुलांकरितां लिहिलेला होता, पण ज्याचें चरित्र त्यांत सांगितलें होतें त्यानें वाचणाराच्या मनाचा कायमचा ताबा घेतला. ज्या महापुरुषानें दुःखाचें मूळ शोधण्याकरितां राज्यसुखावर पाणी सोडलें, त्याची वाणी मूळ भाषेंत वाचावी व त्याचा धर्म आपल्या लोकांस समजावून सांगावा, ही एकच ओढ त्यांस लागली. आमच्या ह्या वार्षिकासारख्या साध्या पानांतून केवढें कार्य होऊं शकतें, ह्याचें ह्याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

१८९९ सालच्या अखेरीस त्यांनीं घर सोडलें. पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी माणिक ह्यांना मागें ठेवून ते निघाले. चरित्रें लिहितांना असले प्रसंग झांकून टाकण्याची कित्येकांस संवय असते; परंतु तसें करणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. धर्मानंदांच्या विद्येची किंमत त्यांनीं एकट्यानें दिली नाहीं. तिचा मोठा वांटा, घरीं राहून वाट पाहणाऱ्या एका तरुण स्त्रीनें दिला. थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना आमच्या मुलींनीं व मुलांनीं अशा मागें राहिलेल्या माणसांचेंहि स्मरण ठेवावें.

घरांतून निघून ते प्रथम पुण्यास आले. तेथें डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांच्यासारख्या विद्वानाचें साहाय्य त्यांस लाभलें. पाली शिकावयाची तर आधीं संस्कृत पक्कें असलें पाहिजे, म्हणून त्यांनीं संस्कृताचा अभ्यास आरंभिला, व तो पुरा करण्याकरितां ग्वाल्हेरच्या वाटेनें ते काशीस गेले. काशींत अन्नछत्रांत जेवावें आणि शास्त्र्यांच्या पायाशीं बसून पाठ घ्यावा, असा क्रम त्यांनीं चालविला. १९०२ सालीं बौद्धधर्माचा शोध करीत ते नेपाळांत गेले. पण तेथें जें शोधावयास गेले तें त्यांस आढळलें नाहीं. निराश न होतां ते बुद्धगयेस आले. पालिग्रंथ शिकावयाचे असतील तर सिंहलद्वीपाची वाट धरावी, असें त्यांस तेथें कळलें, आणि हातीं पैसा नसतांहि ते कलकत्त्यावरून त्या बेटास जाऊन पोंचले.

कोलंबो येथील विद्योदय नांवाच्या विद्यापीठांत सुमंगलाचार्य ह्या महास्थविरांजवळ ते शिष्य म्हणून राहिले. श्रामणेराची दीक्षा घेऊन त्यांनीं पालीचा अभ्यास सुरू केला. सिंहली लिपि शिकल्यावांचून तेथील पोथ्या वाचतां येत नव्हत्या. तेव्हां ती लिपि ते शिकले. पुढें ब्रह्मदेशांत गेले, तेव्हां तेथील लिपीहि त्यांनीं आत्मसात् केली व विहारांतून राहून ध्यानाचा अभ्यास केला. ब्राह्मण कुळांत जन्मलेल्या ह्या पुरुषानें अनोळखी देशांत, अनोळखी अन्न खाऊन, परक्या लोकांच्या दारीं भिक्षा मागत ही विद्या मिळविली. ज्यांच्याकडून शिकावयाचें त्यांच्या उंबरठ्यावर नम्र होऊन बसावें लागतें, हा धडा त्यांनीं कृतीनें दाखविला.

येथें आमच्या विद्यार्थ्यांस पालीविषयीं थोडें सांगणें जरूर आहे. पाली ही दूरच्या कोण्या परकी लोकांची भाषा आहे असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक ती आपल्या मराठीच्या आजीच्या पिढींतील नातलग होय. संस्कृतांतील ‘हस्त’ हा शब्द पालींत ‘हत्थ’ होतो आणि मराठींत ‘हात’ होतो. ‘कर्ण’ शब्दाचा ‘कण्ण’ व पुढें ‘कान’, ‘सर्प’ शब्दाचा ‘सप्प’ व पुढें ‘साप’, ‘अद्य’ शब्दाचा ‘अज्ज’ व पुढें ‘आज’, ‘सप्त’ शब्दाचा ‘सत्त’ व पुढें ‘सात’ अशी ही परंपरा आहे. जोडाक्षरांतील दोन भिन्न व्यंजनें पालींत एकसारखीं होतात. मराठींत त्यांपैकीं एक गळून जातें व मागचा स्वर दीर्घ होतो. हा एक नियम ध्यानांत आला म्हणजे शेंकडों शब्दांचें कोडें उलगडतें. शेत नांगरणारा आपला वऱ्हाडी शेतकरी जे शब्द दिवसभर उच्चारतो त्यांच्या पोटीं अडीच हजार वर्षांचा इतिहास दडलेला आहे, हें शेजारची भाषा शिकल्यावांचून कळत नाहीं. जो शेजाऱ्याची भाषा शिकतो त्यास स्वतःची भाषा नव्यानें भेटते.

१९०६ सालीं धर्मानंद हिंदुस्थानांत स्थिर झाले. भिक्षुवेष उतरवून त्यांनीं कलकत्त्यास पाली शिकविण्याचें काम पत्करलें, आणि त्याच सुमारास सुमारें सात वर्षांनीं आपल्या कुटुंबाची पुन्हां भेट घेतली. १९०७ सालीं त्यांस दामोदर हा पुत्र झाला. हाच पुढें गणिती व इतिहाससंशोधक म्हणून प्रसिद्धीस आला. कलकत्त्यास विश्वविद्यालयांत त्यांचा चांगला जम बसला होता. परंतु मनांत एकच गोष्ट सलत होती. आपण जें मिळविलें तें ज्या महाराष्ट्रासाठीं मिळविलें, त्यास तें पोंचलें नव्हतें. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड ह्यांनीं दरमहा ५० रुपयांची वृत्ति तीन वर्षें देऊं केली. अट एवढीच कीं त्यांनीं महाराष्ट्रांत राहून ग्रंथलेखन करावें. धर्मानंदांनीं अधिक वेतनाची जागा सोडून ही ५० रुपयांची वृत्ति आनंदानें पत्करली. बडोद्यास दिलेलीं त्यांचीं व्याख्यानें ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ ह्या नांवानें १९१० सालीं प्रसिद्ध झालीं. ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘बौद्धसंघाचा परिचय’ वगैरे पुस्तकें त्यांनीं मागाहून लिहिलीं. सोपी, घरगुती व निर्मळ मराठी हा त्यांच्या सर्व ग्रंथांचा विशेष होय.

त्याच १९१० सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विश्वविद्यालयाकडून त्यांस बोलावणें आलें. आचार्य बुद्धघोषांचा ‘विसुद्धिमग्ग’ हा बौद्ध साधनेवरील महाग्रंथ. वॉरन नांवाच्या अमेरिकन पंडितानें त्याच्या संपादनाचें काम हातीं घेतलें होतें, पण तें अपुरें टाकून १८९९ सालीं तो मरण पावला होता. सिंहली व ब्रह्मी हस्तलिखितें ताडून पाहून शुद्ध पाठ ठरविणें हें काम करणारा मनुष्य हवा होता. तो हा गोव्याच्या नारळीच्या बागेंतून आलेला विद्वान ठरला. संपादकाच्या नांवाविषयीं प्रोफेसर लॅनमन ह्यांच्याशीं मतभेद होऊन तें काम मध्येंच थांबलें व १९१२ सालीं धर्मानंद परतले. पण कामावरील निष्ठा त्यांनीं सोडली नाहीं. १९३२ पर्यंत एकंदर चार वेळां ते अमेरिकेस गेले. ह्या ग्रंथाची नागरी लिपींतील आवृत्ति मुंबईच्या भारतीय विद्याभवनानें १९४० सालीं काढली, आणि हार्वर्डची आवृत्ति १९५० सालीं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, बाहेर पडली. चाळीस वर्षांच्या ह्या धीमेपणाकडे, परीक्षेच्या आदल्या रात्रीं पुस्तक उघडणाऱ्या आमच्या कांहीं मित्रांनीं अवश्य लक्ष द्यावें.

१९१२ पासून १९१८ पर्यंत पुण्याच्या फर्गसन कॉलेजांत त्यांनीं पाली शिकविली. प्रा. पु. वि. बापट, प्रा. ना. के. भागवत व प्रा. चिं. वै. राजवाडे हे त्यांचे विद्यार्थी पुढें स्वतः नांवाजलेले पाली पंडित झाले. ज्या भाषेसाठीं धर्मानंदांस समुद्र ओलांडावा लागला होता ती भाषा आतां महाराष्ट्रांतील मुलांस घरबसल्या मिळूं लागली. गुरूच्या श्रमाचें खरें चीज होतें तें हेंच.

श्रद्धेबरोबर चिकित्सा हवी असें आम्हीं आरंभीं म्हटलें, त्याचा दाखला त्यांच्या ‘भगवान बुद्ध’ ह्या १९४०-४१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत मिळतो. म्हातारा, रोगी, प्रेत व संन्यासी हीं चार दृश्यें पाहून राजपुत्र सिद्धार्थ एका रात्रीं घर सोडून गेला, ही कथा जगभर प्रसिद्ध आहे. धर्मानंदांचें बुद्धावर निस्सीम प्रेम असतांहि त्यांनीं ही कथा तशीच स्वीकारली नाहीं. जुने पालिग्रंथ बारकाईनें वाचून त्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय ह्या दोन शेजारी कुळांत जे कलह चालत, त्यांनीं सिद्धार्थाच्या मनास उद्वेग आला, आणि शस्त्रावांचून शांति कशी नांदेल ह्याचा शोध करावयास तो निघाला. पुढें डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या १९५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या बुद्धविषयक ग्रंथांतहि रोहिणीच्या पाण्याच्या वादास असेंच महत्त्व मिळालें आहे. ज्याच्यावर प्रेम करावयाचें त्याच्याविषयीं सत्यच बोलावें, ही शिस्त धर्मानंदांनीं आयुष्यभर पाळली. तीमुळें कांहीं लोक दुखावले, पण ती त्यांनीं सोडली नाहीं.

१९२२ सालीं ते अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठांत पुरातत्त्वमंदिराचें काम करूं लागले. तेथें पंडित सुखलालजी, मुनि जिनविजयजी अशा जैन विद्वानांचा सहवास घडला. बुद्धाच्या शेजारीं जो दुसरा प्राचीन धर्म उभा होता त्याकडे त्यांचें लक्ष अधिकाधिक वेधलें. तेविसावे तीर्थंकर पार्श्वनाथ ह्यांनीं अहिंसा, सत्य, अस्तेय व अपरिग्रह हे चार याम सांगितले. बुद्ध व महावीर ह्या दोघांच्याहि उपदेशाचा पाया ह्या चार यामांत आहे असें त्यांचें मत बनलें. ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हें त्यांचें पुस्तक त्यांच्या पश्चात् १९४९ सालीं निघालें. स्वतः बौद्ध असून शेजारच्या जैन धर्माचें ऋण त्यांनीं असें उघडपणें मान्य केलें. आपल्याजवळचें सर्व कांहीं आपणच निर्माण केलें अशी बढाई मारणें सोपें असतें. उसनें घेतलेलें उसनें म्हणून सांगणें ह्यास मोठें मन लागतें.

त्यांची विद्या पुस्तकांत कोंडून राहिली नाहीं. १९२९ सालीं रशियांत लेनिनग्राड येथें ते अध्यापनासाठीं गेले, आणि १९३० सालीं परत येऊन मिठाच्या सत्याग्रहांत पडले व तुरुंगांत गेले. १९३७ सालीं मुंबईच्या परळ भागांत, गिरणी कामगारांच्या वस्तींत, त्यांनीं ‘बहुजनविहार’ स्थापिला. ज्यांस गांवकुसाबाहेर ठेविलें गेलें अशा बांधवांनीं तेथें यावें, बसावें, शिकावें, हा त्यांचा हेतु होता. बुद्धानें ज्यांच्यासाठीं आपला उपदेश लोकभाषेंत केला त्या बहुजनांपर्यंत तो लोकभाषेंतच नेला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती.

पुढें मधुमेहानें व वार्धक्यानें त्यांचें शरीर थकलें. दुसऱ्यांवर भार होऊन जगण्यापेक्षां अन्नत्याग करून शांतपणें देह ठेवावा, असा विचार त्यांच्या मनांत आला. जैन परंपरेंत ह्यास सल्लेखना म्हणतात. १९४६ सालीं त्यांनीं उपवास आरंभिला असतां महात्मा गांधींनीं त्यांस तो सोडावयास लाविला. पण निश्चय ढळला नाहीं. ते सेवाग्रामास आले, आणि आश्रमवासीयांच्या सेवेंत, कोणाविषयींहि कटुता न ठेवतां, ४ जून १९४७ रोजीं त्यांनीं प्राण सोडला. गांधीजी त्या वेळीं दिल्लीस होते; दुसऱ्या दिवशींच्या प्रार्थनासभेंत त्यांनीं ह्या निरपेक्ष विद्वानाचा गौरव केला. पाली शिकण्याकरितां विद्यार्थ्यांस सिंहलद्वीपास धाडावें, ही कल्पना त्यांच्या स्मारकाच्या निमित्तानें पुढें आली.

ह्या अखेरच्या निश्चयाविषयीं आमचें मत आम्ही स्पष्ट सांगतों. आयुष्य ही परमेश्वरानें आपल्या हवालीं केलेली ठेव आहे. ती कधीं परत घ्यावयाची हें त्यानेंच ठरवावें, असें आम्ही ख्रिस्ती लोक मानतों. म्हातारपणीं दुसऱ्यांची सेवा घेणें हाहि प्रेमाचाच एक व्यवहार आहे, आणि आपल्या घरांतील कोणा वृद्धास आपण भार आहों असें वाटतां कामा नये, असें आम्ही आमच्या मुलांस शिकवितों. म्हणून येथें धर्मानंदांच्या पाठीमागून आम्हांस जातां येत नाहीं. परंतु मतभेद असला म्हणजे आदर संपतो असें नाहीं. शेजारधर्माची कसोटी तेथेंच लागते. जें पटतें त्याचा मान ठेवणें कोणासहि जमतें; जें पटत नाहीं तें समजून घेऊन मग नम्रपणें नाकारणें, ह्यास खरें शिक्षण लागतें.

आतां पालकवर्गाच्या मनांतील एका शंकेकडे वळूं. मुलानें दुसऱ्याचा धर्मग्रंथ वाचला तर तो आपल्यापासून तुटेल, ही भीति हिंदु घरांत आहे तशी ख्रिस्ती घरांतहि आहे. धर्मानंदांच्या चरित्राकडे पाहून ती भीति खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ते खरोखरच बौद्ध झाले. ‘बालबोधमेवा’ चालविणाऱ्या मिशनऱ्यांनींहि, आपल्या मासिकामुळें कोणी बौद्ध व्हावा अशी योजना केली नसेल. तरीहि त्यांनीं बुद्धाची कथा मराठी मुलांस सांगितली, आणि त्या कथेनें एका तहानलेल्या जिवास वाट दाखविली, ह्याचें आम्हांस वाईट वाटत नाहीं. सत्याचा दिवा लावणाऱ्यानें त्याच्या उजेडांत कोणीं कोठें जावें हें ठरवूं नये. ज्याची स्वतःच्या धर्मावर दृढ श्रद्धा आहे त्यास शेजाऱ्याच्या ग्रंथाचें भय बाळगण्याचें कारण नाहीं. आणि केवळ अज्ञानाच्या भिंतीनें राखलेली श्रद्धा फार काळ टिकत नसते.

आमच्या शास्त्रांतील चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत सर्वांस माहीत आहे. यहूदी व शोमरोनी हे दूरचे लोक नव्हते. मोशेचें नियमशास्त्र दोघांसहि मान्य होतें, भूमीहि लागूनच होती. तरी त्यांच्यांतला दुरावा मोठा होता, कारण जवळच्याचा वेगळेपणा दूरच्याच्या वेगळेपणापेक्षां अधिक बोंचतो. अशा शेजाऱ्यालाच प्रभु येशूनें दयेचा नमुना म्हणून पुढें केलें. आपल्याच महाराष्ट्रांत पंडिता रमाबाईंनीं, संस्कृताच्या प्रकांड पंडिता असतांहि, मूळ शास्त्र वाचण्याकरितां इब्री व ग्रीक भाषा शिकून सबंध पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर केलें, व १९२२ सालीं मृत्यु येण्यापूर्वीं तें काम पुरें केलें. एक विदुषी ख्रिस्ती झाली, एक विद्वान बौद्ध झाला. दोघांनींहि मूळ भाषा शिकून आपला ठेवा मराठींत आणला. मराठी भाषा त्या दोघांचीहि ऋणी आहे.

विद्यार्थिमित्रांनो, धर्मानंदांस जें मिळविण्यासाठीं नेपाळ, सिंहल व ब्रह्मदेश पालथे घालावे लागले, तें तुमच्या बांकावर तुमच्या शेजारीं बसलेलें आहे. १९५६ सालीं नागपूर येथें धर्मांतराचा जो महान सोहळा झाला त्यानंतर आपल्या जिल्ह्यांत घरोघर बुद्धवंदना म्हटली जाते. तिचे शब्द पालीच आहेत. वर्ध्यांत शांतिस्तूप उभा आहे. तुमच्या वर्गांत उर्दू बोलणारा सोबती आहे, हिंदी बोलणारा आहे, कोणाच्या घरीं गोंडी अजून जिवंत आहे. त्यास त्याचे शब्द विचारा. त्याच्या सणाचा अर्थ त्याच्याच तोंडून ऐका, दुसऱ्या कोणाकडून नव्हे. आणि त्यानें विचारलें तर आपल्या श्रद्धेविषयीं संकोच न करितां, पण गर्वहि न करितां, त्यास सांगा. पुढच्या खेपेस सेवाग्रामास जाल तेव्हां, अंगणांतील झाडांच्या सावलींत क्षणभर थांबून, त्या ठिकाणीं देह ठेवणाऱ्या ह्या वृद्ध आचार्याची आठवण करा. एका मासिकांतील एका लेखानें ज्याचें आयुष्य घडलें त्याचें हें चरित्र ह्या मासिकाच्या पानांतून तुमच्यापैकीं एकास जरी कांहीं शिकण्यास प्रवृत्त करील, तरी आमचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.